फोन तापतो, बॅटरी टिकत नाही, वर स्लो पण चालतो? मल्टीकोर प्रोसेसरच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिल-मे लागला की ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, फोन हातात धरवत नाही, बॅटरी दुपारीच मान टाकते, काय करू. मग खाली टिप्सचा पाऊस. रिसेंट क्लिअर करा, परफॉर्मन्स मोड ऑन करा, अमुक बॅटरी सेव्हर ॲप टाका, आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच टिप्सनी फोन अजून तापतो. कारण मोबाईलचा प्रोसेसर बॅटरी वाचवतो ती मुख्यतः झोपून. काम आलं की उठायचं, जमेल त्या लहान कोरवर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक स्वतंत्र भाग) उरकायचं आणि परत झोपायचं, असं दिवसभर सतत चाललेलं असतं. आपण नको तिथे बोटं घालून त्याची झोपमोड करतो.

आधी थोडं गणित, कंटाळू नका, याशिवाय पुढचं पटणार नाही. चिप काम करताना जी पॉवर खाते ती फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे कोरच्या स्पीडच्या, पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि फ्रिक्वेन्सी चढवायची तर व्होल्टेज पण चढवावंच लागतं. समजा एक कोर १.५ गिगाहर्ट्झला ०.७ व्होल्टवर चालतोय आणि तोच ३ गिगाहर्ट्झला १ व्होल्ट मागतोय. स्पीड दुप्पट झाला, पण पॉवर झाली साधारण चौपट. काम अर्ध्या वेळात संपलं तरी त्याच कामाला एकूण एनर्जी दुप्पट गेली. म्हणजे शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग. मग कायम हळूच चालवावं का? तेही नाही, कारण काम रेंगाळलं की तेवढा वेळ मेमरी जागी, बाकीची चिप जागी, आणि नुसतं चालू राहण्यात जी करंटची गळती होते ती चालूच, आणि चिप तापली की ही गळती अजून वाढते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं हेच सगळं काम आहे.

आठ कोर म्हणजे भारी फोन

वाशी-ठाण्यातल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात उभे राहा, पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, 'ऑक्टाकोर आहे काका, हँग होणार नाही.' आता दोन जुन्या चिप घ्या. स्नॅपड्रॅगन ८१०, सन २०१५ ची टॉपची चिप, चार मोठे कॉर्टेक्स ए५७ (कॉर्टेक्स हे आर्म या कंपनीच्या कोरचं नाव) आणि चार छोटे ए५३, एकूण आठ. स्नॅपड्रॅगन ६२५, आपल्याकडे रेडमी नोट ४ मुळे घरोघरी पोचलेली, त्यातही आठ, पण आठही ए५३, तेच छोटेवाले. पहिली गरम होण्यासाठी बदनाम झाली आणि दुसरी बॅटरीसाठी लोकांना अजून आठवते. कोरची संख्या सेम! फरक कशात, तर कोर कुठला आणि तो कुठल्या प्रोसेसवर, म्हणजे चिप बनवायच्या कुठल्या तंत्रावर, बनलाय (नॅनोमीटरचा आकडा लहान तितकं तंत्र नवं), ८१० होती २० नॅनोमीटरवर आणि ६२५ होती १४ च्या फिनफेट या नव्या तंत्रावर.

नुसता नॅनोमीटरचा आकडा बघूनही भागत नाही. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रोसेसवर बनली आणि २०२२ मध्येच आलेली ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ४ नॅनोमीटरवर. सीपीयू कोर तेच, आकडा तोच, पण दुसरी स्पष्टपणे कमी पॉवर खाणारी निघाली.

मोठे-छोटे कोर एकत्र टाकायची आर्मची बिग-लिटल आयडिया २०११ ची, ॲपलनेही २०१६ मध्ये ए१० फ्युजनमध्ये दोन मोठे दोन छोटे दिले. आता मात्र वारं थोडं फिरलंय. मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ९३०० मध्ये छोटे कोर नाहीतच, चार मोठे आणि चार मध्यम, आणि स्नॅपड्रॅगन ८ एलिटमध्ये पण तसंच, दोन प्राइम आणि सहा परफॉर्मन्स. कारण वरचंच गणित, मोठा कोर कमी व्होल्टेजला हळू चालवला आणि काम पटकन संपवून झोपवला तर तो छोट्याच्या जवळपास जाऊ शकतो. म्हणून फोन घेताना कोर मोजत बसू नका, तीच चिप असलेल्या दुसऱ्या फोनचा सलग वीस-तीस मिनिटं चालवलेल्या लोडचा ग्राफ शोधा.

रिसेंटमधून सगळं उडवणे

ही सवय तर हाडात भिनलीय. लोकलमध्ये बघा, शेजारचा माणूस दर पाच मिनिटांनी सगळी ॲप वर ढकलून देतो आणि रॅम मोकळी झाल्याचा आनंद घेतो. मागे गेलेलं ॲप बहुतेक वेळा काहीच करत नसतं, नव्या अँड्रॉइडमध्ये तर ते फ्रीज केलेलं असतं, सीपीयूचा वेळ त्याला मिळतच नाही. तुम्ही ते उडवलं की पुढच्या वेळी ॲप पहिल्यापासून सुरू करणं, स्टोरेजमधून कोड वाचणं, स्क्रीन परत उभी करणं, आणि हे लवकर व्हावं म्हणून सिस्टिम त्या क्षणी मोठे कोर वर चढवते. दिवसातून चाळीस वेळा व्हॉट्सॲप उडवून चाळीस वेळा उघडलं तर ते चाळीस धक्के तुम्ही स्वतः दिलेत.

रॅम बूस्टर आणि क्लीनर ॲपचं तर बोलूच नका, ते स्वतःच बॅकग्राउंडला जागं राहून दुसऱ्यांना मारतं, मेलेली ॲप परत उठतात, हे परत मारतं. काढून टाका. अपवाद आहेत, नॅव्हिगेशन चालू राहिलंय, एखादं ॲप अडकलंय, तेव्हा तेवढंच बंद करा.

एकतर फुल परफॉर्मन्स, नाहीतर फुल सेव्हिंग

काही फोनमध्ये हाय परफॉर्मन्सचा स्विच असतो आणि लोक तो विकत घेतल्याच्या दिवशी ऑन करतात, मग कधीच ऑफ करत नाहीत. मेसेज वाचायला, यूपीआय करायला त्याचा काडीचा उपयोग नाही, नुसती फ्रिक्वेन्सी वर टांगून राहते. गेम खेळताना करा, झालं की काढा.

दुसऱ्या टोकाला फोन रूट करून (म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून) गव्हर्नरशी, म्हणजे कोरचा स्पीड ठरवणाऱ्या सिस्टिमच्या भागाशी, खेळणारी मंडळी, तीही अजून आहेत. पॉवरसेव्ह गव्हर्नर लावला म्हणजे कोर सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला बांधला गेला. मग स्क्रोल अडखळतो, पेज उघडायला वेळ, आणि तेवढा वेळ तुमची स्क्रीन चालू. स्क्रीन किती खाते ते सेटिंग्जमध्ये बघितलंत तर हे असलं सेव्हिंग कितपत परवडतं ते कळेल. अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्समध्ये २०१६ ला स्केडयुटिल गव्हर्नर आला, २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये एनर्जी अवेअर शेड्युलिंग आलं, त्यात प्रत्येक कोर कुठल्या स्पीडला किती खातो याचा तक्ताच शेड्युलरजवळ, म्हणजे कोरना कामं वाटणाऱ्या भागाजवळ, असतो आणि कुठलं काम कुठे टाकायचं ते तो त्यावरून ठरवतो. त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं निदान मला तरी वाटत नाही.

साधा बॅटरी सेव्हर मोड मात्र वाईट नाही. पनवेलहून घरी यायचंय आणि १५ टक्के उरलेत तर लावा की.

रिफ्रेश रेटचं पण इथेच सांगतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम बनवायला सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात, १२० ला फक्त ८.३. म्हणजे काम दुप्पट वेळा आणि प्रत्येक वेळी मुदत निम्मी, त्यामुळे कोर वरच्या स्पीडला जातात. १२० फिक्स करू नका, ऑटो ठेवा.

उन्हात, चार्जिंगला, कव्हरसकट

घोडबंदर रोडला दुपारी दोन वाजता बाइकच्या हँडलवर फोन, नॅव्हिगेशन चालू, ब्राइटनेस फुल, खाली चार्जर, वर जाड कव्हर. डिलिव्हरीवाल्यांचा तर नाइलाज असतो, पण बाकीच्यांनी हे करून मग प्रोसेसरला शिव्या घालू नयेत. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता बाहेर जायला फक्त पाठ आणि काच. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ० ते ३५ अंशाच्या हवेत वापरा, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ३५ होतात. फोनच्या पृष्ठभागाचं तापमान ठरलेल्या हद्दीजवळ गेलं की सिस्टिम कोरची फ्रिक्वेन्सी उतरवते, ब्राइटनेस पाडते, चार्जिंग हळू करते. हा बिघाड नाही, ही तुमच्या हाताची आणि बॅटरीची काळजी आहे, कारण उष्णतेने लिथियमची बॅटरी कायमची म्हातारी होते.

उपाय साधे. चार्जिंग आणि गेम एकत्र नको, आधी कव्हर काढा, फोन सावलीत आणा, ऑफलाइन मॅप आधी उतरवून ठेवा, वळण लांब असेल तर स्क्रीन बंद करून नुसता आवाज ऐका. आणि कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत गार फोन बाहेर काढला की आत-बाहेर पाणी धरतं, मग प्रोसेसरचा प्रश्न कायमचाच सुटतो.

बेंचमार्क, म्हणजे फोनचा स्पीड मोजायची टेस्ट, त्यातली चूक पण उष्णतेचीच. एसीत, थंड फोनवर एकदा चालवायचा, स्क्रीनशॉट टाकायचा. त्या दोन-तीन मिनिटांत चिप गरमच झालेली नसते. सलग आठ-दहा वेळा चालवा, शेवटचा आकडा धरा, तुमचा खरा फोन तो.

दोष मोडेमचा, शिव्या प्रोसेसरला

ठाणे ते वाशी ट्रान्सहार्बरने जाताना किंवा लांब पल्ल्याच्या गाडीने पारसिक बोगद्यातून जाताना सिग्नल पडतो, मोडेम, म्हणजे फोनमधला नेटवर्कचा भाग, टॉवर शोधत राहतो, कमकुवत सिग्नलला जास्त पॉवरने पाठवतो, त्यात व्हिडिओ चालू असेल तर अजूनच. फोन गरम लागतो आणि आपण म्हणतो चिप खराब. आधी खात्री करा, त्याच वेळेपुरता फोन एअरप्लेन मोडला टाकून आधीच उतरवलेला व्हिडिओ बघा. गार राहिला तर प्रोसेसर निर्दोष. रेंज नसलेल्या घरात, ऑफिसात वायफाय कॉलिंग लावा, ५जी एकच दांडी दाखवत असेल तर तेवढ्यापुरतं ४जी करा.

ऐरोली-महापेवाल्यांसाठी, म्हणजे जे ॲप बनवतात त्यांच्यासाठी

इथे जरा जास्त बोलतो कारण युजरच्या दहा चुकांपेक्षा आपली एक चूक लाखो फोनवर जाते.

सगळ्यात कॉमन, डिव्हाइसला आठ कोर दिसले म्हणून आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या ओळी) उघडायचे आणि काम आठ सारख्या तुकड्यांत वाटायचं. डेस्कटॉपवर चालून जातं, फोनवर कोर सारखे नसतात. मोठ्या कोरवरचा तुकडा कधीच संपतो आणि छोट्यावरचा रखडतो, आणि शेवटी सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा, तीन जण कधीचे बसलेत पण चौथा येईपर्यंत हलत नाही, अगदी तसंच. तुकडे लहान करा, एका रांगेत ठेवा, जो थ्रेड मोकळा होईल त्याने पुढचा उचलावा. आणि अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ लाच दाखवून ठेवलंय की कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो तो वेगाला कुंपण घालतो, निम्मं काम तसं असेल तर कितीही कोर लावा, दुपटीच्या पुढे जाता येत नाही. तिथे आठ कोर जागे करणं म्हणजे नुसती बॅटरी जाळणं.

थ्रेड हट्टाने मोठ्या कोरला बांधून टाकणं ही दुसरी. तुमच्या टेस्टच्या फोनवर सहावा-सातवा कोर मोठा असेल, दुसऱ्या चिपवर क्रमांक वेगळे. शिवाय फोन तापला की सिस्टिमला ते काम खाली उतरवायचं असतं आणि तुम्ही हात बांधून ठेवलेत. अँड्रॉइड १२ पासून परफॉर्मन्स हिंटची सोय आहे, एका फ्रेमला किती वेळ लागायला हवा आणि किती लागला ते सांगा, बाकीचं सिस्टिम बघेल.

दर तीस सेकंदांनी सर्व्हरला विचारणारं पोलिंग, घेतलेला वेकलॉक (फोनला झोपू न देणारं कुलूप) एक्सेप्शन, म्हणजे ॲपमध्ये मधेच चूक, आल्यावर न सोडणं, लॉक मिळेपर्यंत लूपमध्ये गरगरत बसणं, हे तिन्ही कोरला खोल झोपेत जाऊच देत नाहीत. सीपीयूचा टक्का कमी दिसतो म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण टक्का दोन असला तरी सतत जागं राहण्याची किंमत असतेच. अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आला तो यासाठीच, सगळ्यांची कामं ठरलेल्या खिडकीत एकदम. कामं वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या सोयीला द्या, चार्जिंग असताना किंवा वायफाय असताना अशा अटी लावा.

गेम किंवा कॅमेऱ्याचं ॲप असेल तर अँड्रॉइड १० पासून फोन किती तापलाय ते विचारता येतं. मध्यम तापला की तुम्हीच रिझोल्युशन किंवा फ्रेमरेट एक पायरी खाली आणा, स्थिर ४० फ्रेम डोळ्याला बऱ्या वाटतात, ६० आणि २५ मध्ये हेलकावे खाणाऱ्या नाही.

मोजताना पण गडबड होते. फोन चार्जरला किंवा लॅपटॉपला जोडलेला, एसीचं ऑफिस, हातात फ्लॅगशिप. परफेटो या टूलमध्ये ट्रेस (कामाची नोंद) काढून कुठला थ्रेड कुठल्या कोरवर किती वेळ होता ते बघा. पिक्सेल ६ किंवा पुढचा असेल तर अँड्रॉइड स्टुडिओच्या पॉवर प्रोफायलरमध्ये मोठे, मध्यम, छोटे कोर वेगवेगळे दिसतात. आणि स्वस्तातला एक फोन टीममध्ये ठेवाच.

सगळं करूनही फोन तसाच असेल तर

मोठं अपडेट झालंय का, किंवा नवीन फोनवर डेटा आणलाय का ते बघा. त्यानंतर एक-दोन दिवस ॲप नव्याने कंपाइल होतात, फोटोंची अनुक्रमणी बनते, तेवढे दिवस फोन गरम राहणारच, रात्री वायफायवर चार्जिंगला लावून सोडा. त्यानंतरही खिशात पडल्या पडल्या गरम होत असेल तर सेफ मोडमध्ये चालू करा, त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. तिथे गार राहिला तर गुन्हेगार एखादं ॲप, शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा.

फोन तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरीवर संशय घ्या. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, मोठे कोर एकदम करंट मागतात तेव्हा व्होल्टेज कोसळतं आणि फोन २०-३० टक्क्यांवरच बंद पडतो. हे टाळायला ॲपलने २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ मधून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा कमाल स्पीड खाली आणला होता, लोकांना न सांगता, आणि त्या डिसेंबरमध्ये कबूल करावं लागलं. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन फोनचे ईएमआय मोजायच्या आधी अधिकृत सेंटरवर बॅटरी बदलून बघा. अँड्रॉइडमध्ये काही फोन हेल्थ दाखवतात, नसेल दाखवत तर सेंटरवाला तपासून देतो, तिथे जाताना डेटाचा बॅकअप मात्र घेऊन जा.