ओळखीच्या शब्दांशी पुन्हा ओळख

आमच्या वर्तमानपत्राच्या डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सुटायला वीस मिनिटं होती. परदेशातल्या एका स्फोटाची बातमी मी मराठीत करून दिली होती आणि शीर्षक होतं, ‘स्फोटात ४० ठार’. मुख्य उपसंपादकांनी कॉपी वाचली, खुर्ची माझ्याकडे वळवली.

"अगं, यातले मेले किती?"

"सगळे चाळीस, सर."

त्यांनी वृत्तसंस्थेची मूळ कॉपी खाली सरकवत नेली आणि सातव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. मृत ९, जखमी ३१. पहिल्या ओळीतला शब्द होता ‘कॅज्युअल्टीज’, आणि शाळेपासून मी त्याचा अर्थ ‘मृत’ असाच धरून चालले होते.

"कोशात बघितलास हा शब्द?"

"नाही सर, माहीत होता."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डेस्कवर नवी मुलं-मुली येतात, बहुतेक माझ्यासारखीच मराठी शाळेतून आलेली. इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी जे शब्द येतात असं वाटतं, ते तपासून घ्या. अनोळखी शब्द दिसला की आपण थबकतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दावरून मात्र नजर घसरत पुढे जाते आणि चूक तिथेच होते.

त्या रात्री घरी जाऊन मी ‘कॅज्युअल्टी’चं मूळ शोधलं. लॅटिनमधल्या ‘पडणे’ या अर्थाच्या क्रियापदापर्यंत ते जातं. पडणं म्हणजे ओढवणं, अवचित घडणं. आपल्याकडेही प्रसंग पडतो, वेळ पडते, गाठ पडते. ‘कॅज्युअल’ हा त्याच घरातला शब्द. पुढे लष्कराच्या हिशेबात लढाईसाठी गमावलेला प्रत्येक माणूस कॅज्युअल्टी ठरला, मग तो मेलेला असो, जखमी असो, बेपत्ता असो की शत्रूच्या कैदेत असो. माझ्या आजीला एकदा सरकारी दवाखान्यात ‘कॅज्युअल्टी’ असा बोर्ड लावलेल्या खोलीतच नेलं होतं आणि चार दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी घरी आली. तो बोर्ड मी रोज वाचत होते, तरी शब्दाचा अर्थ बदलून घ्यावा असं तेव्हा मनात आलं नाही.

तेव्हापासून एक वही केली. तिच्यात फक्त ओळखीचे शब्द लिहायचे. पहिल्या महिन्यातच ‘ओव्हरसाइट’ सापडला. एखाद्या समितीच्या नावात तो आला तर अर्थ देखरेख, आणि माफीच्या पत्रात आला तर नजरचूक. दोन्ही टोकं एकाच शब्दात कशी, याचा मला त्रास व्हायचा. मग लक्षात आलं की मराठीतही ‘नजर ठेवणे’ आणि ‘नजरचूक’ या दोन्हींत नजर आहेच. वरून पाहणं म्हणजे लक्ष ठेवणं, आणि वरवर पाहिलं की काहीतरी निसटतं. हे जुळल्यावर तो शब्द कधी विसरले नाही.

‘सँक्शन’चंही तसंच. कर्ज सँक्शन झालं की पेढे वाटतात, देशावर सँक्शन्स लागले की त्याचा व्यापार अडतो. मूळ लॅटिन शब्द नियमाला पवित्र, बंधनकारक ठरवण्याचा आहे. कायद्याची मान्यता आणि तो मोडल्याची शिक्षा अशी दोन्ही पोरं त्याच पोटची. एक साधी खूण लक्षात ठेवा: अनेकवचनात आणि देशाच्या नावासोबत आला तर बहुतेक वेळा तो ‘निर्बंध’ असतो.

‘टेबल’ या क्रियापदाने तर दुसऱ्या महायुद्धात गोंधळ घातला होता. ब्रिटिशांच्या भाषेत प्रस्ताव टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या भाषेत तो बाजूला ठेवून देणं. दोन्ही बाजूंचे अधिकारी एकाच मताचे असूनही यावरून वाद घालत बसले, असं चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपली संसद ब्रिटिश वळणावर चालते, म्हणून अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवला जातो. वॉशिंग्टनची बातमी करताना मात्र हात आखडून घ्या.

भारतीय इंग्रजीचे शब्द वेगळे. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, इथे सगळ्यांना कळतं, लंडनच्या माणसाला ते समजावून सांगावं लागतं. पदवी मिळाली या अर्थाने आपण ‘पास आउट’ म्हणतो, तिकडे ते बेशुद्ध पडण्याला म्हणतात. हे शब्द चुकीचे नाहीत, कुणासाठी लिहितोय एवढंच बघायचं.

आता थोडं सविस्तर सांगते, कारण या कामातला जीव इथे आहे. १ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर आणि इंधनाच्या निर्यातीवर जादा कर लावला. बातम्यांत त्याचं नाव ‘विंडफॉल टॅक्स’. विंडफॉल म्हणजे वाऱ्याने झाडावरून पडलेलं फळ. झाडावर चढावं लागलं नाही, दगड मारावा लागला नाही, फळ आपोआप पदरात. तेलाचे जागतिक भाव चढले आणि कंपन्यांच्या पदरात असाच नफा पडला. मला मराठी शब्द लगेच सुचला: घबाड. अर्थ अगदी बरोबर बसत होता. पण शीर्षक लिहून मोठ्याने वाचल्यावर कान टवकारले. ‘घबाड हाती लागलं’ हे आपण कधी म्हणतो? छाप्यात, कपाटात लपवलेल्या नोटा सापडल्यावर. घबाडाला काळ्या पैशाचा वास आहे आणि विंडफॉलला तो नाही. घबाड लिहिलं असतं तर कंपन्यांवर नकळत आरोप झाला असता. शेवटी ‘अनपेक्षित नफ्यावर कर’ असं लिहिलं. शब्द जरा सपक आहेत, पण खरे आहेत. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वास कोशात फार थोडा लिहिलेला असतो. तो वाचून वाचून, ऐकून ऐकूनच येतो, आणि त्यासाठी मराठीही तेवढीच मुरलेली लागते.

भाषातज्ज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. म्हणून मी नव्या मुलांना सुटा शब्द पाठ करू देत नाही. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ असतो. चूक ‘मेक’ करतात आणि गुन्हा ‘कमिट’ करतात. हे असंच का, याला कारण शोधत बसू नका. आपला चहा कडक असतो आणि पाऊस धो-धो, त्यालाही आपण कारण विचारत नाही.

कोश कोणता वापरायचा? मोबाइलमधलं इंग्रजी-मराठी ॲप एका शब्दासमोर पाच शब्द टाकून मोकळं होतं. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींतून त्यांचा कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला. १९८७ चा कोबिल्ड कोश तर अर्थही पूर्ण वाक्यातच सांगतो. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची, आणि आज तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. विस्मरणात गेलेले मराठी शब्द तिथे ढिगाने आहेत.

एकदा ऑक्सफर्डचा कोश चाळताना ‘माँगूस’ या शब्दापाशी थांबले. व्युत्पत्तीच्या जागी चक्क मराठीचं नाव होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस आपलं मुंगूस इंग्रजीत शिरलं होतं! म्हणूनच त्याचं अनेकवचन ‘गूस’ या पक्ष्यासारखं होत नाही, साधा ‘एस’ लागतो. गावी आमच्या परसात मुंगसाची जोडी यायची. इंग्रजी ही परक्याची भाषा आहे असं दडपण माझ्या मनावर होतं, ते त्या एका नोंदीने बरंच उतरलं. दडपण असेल तर तुम्हीही असे शब्द शोधा: शर्करेवरून ‘शुगर’, जगन्नाथाच्या रथावरून ‘जगरनॉट’, खाटेवरून ‘कॉट’.

किती शब्द यायला हवेत, हेही मुलं विचारतात. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. आकडा मोठा वाटतो, पण एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एकच कुटुंब धरलेलं आहे. अभ्यासाच्या पुस्तकांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० कुटुंबांची यादी आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी, हजारो अवघड शब्दांच्या जाड पुस्तकापासून नव्हे.

उजळणीसाठी मी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करते. कोऱ्या बाजूला बातमीतलं अख्खं वाक्य, शिकायच्या शब्दाच्या जागी रेघ. मागे तो शब्द. मिठाईचे पाच खोके. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा दोन दिवसांनी, शेवटचा महिन्यातून एकदा. ही रीत विज्ञानलेखक सेबास्टियान लाइटनर यांची, १९७२ ची. रात्री पान सुटल्यावर शेवटची लोकल येईपर्यंतचा वेळ याला पुरतो.

सुरुवात करायला एक शब्द देते: ‘क्रिटिकल’. रुग्णाची प्रकृती क्रिटिकल असेल तर ती चिंताजनक. एखाद्याचं भाषण सरकारविषयी क्रिटिकल असेल तर ते टीकेचं. खनिजं क्रिटिकल असतील तर ती अत्यावश्यक. आणि २२ जुलै २०२० रोजी गुजरातमधल्या काकरापारची तिसरी अणुभट्टी पहिल्यांदा क्रिटिकल झाली, तेव्हा तिच्यातली साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहू लागली होती आणि शास्त्रज्ञ एकमेकांचं अभिनंदन करत होते. हे चार अर्थ चार चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येकीवर तुम्ही स्वतः वाचलेल्या बातमीतलं वाक्य हवं.