जुन्या जीपच्या स्टिअरिंगला दोरीची वीण

आमच्या जुन्या जीपचं स्टिअरिंग उन्हानं तडकलं होतं, धार हाताला टोचायची. बाजारातली रेक्झिनची कव्हरं घामानं सरकतात, म्हणून सुती दोरी विणायची ठरवली.

आधी भेगांत एमसील (भेगा बुजवायची, सुकून कडक होणारी लुगदी) भरलं, सुकल्यावर पॉलिशपेपर मारला आणि तेलकटपणा पुसून काढला. दोरी ३ मिमीची मॅक्रमेची (गाठींच्या विणकामाला वापरतात ती), घट्ट पिळाची. नायलॉन दिसायला छान, पण गाठ सुटते. हिशोब असा: ३८ सेंमी व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १२० सेंमी, म्हणजे जवळपास ४०० वेढे. कड्याची जाडी ९ सेंमी घेराची असेल तर ३६ मीटर नुसते वेढ्यांनाच जातात. गाठी धरून पन्नासेक मीटर आणावी.

सलग पन्नास मीटर आरपार ओढत बसू नका. आठ-दहा मीटरचे तुकडे करून छोट्या लडी बांधा. प्रत्येक वेढ्याला एक अर्धी गाठ, म्हणजे टोक त्याच वेढ्यातून ओवून घ्यायचं, नेहमी एकाच दिशेनं, आणि दर वेळी कचकचून ओढायचं. गाठींची रांग आपोआप तिरकी फिरत जाते. तीच खरी नक्षी, आणि पकडही तिचीच. नवा तुकडा जोडताना जुनं टोक कड्याला आडवं धरून नव्या वेढ्यांखाली दाबलं. आऱ्यांपाशी वीण थांबवून पलीकडून पुन्हा सुरू केली. शेवटचं टोक दाभणानं आत ओवलं.

बोटं सोलतात, चिकटपट्टी लावा. एअरबॅगची गाडी असेल तर मधल्या झाकणाला दोरी अजिबात लागू देऊ नका.