सायकलमुळे गुडघा दुखावलाय? बरा होईपर्यंत फिट राहताना या चुका टाळा

तीन आठवडे सायकल बंद होती. सलग सहा दिवस गुडघा एकदाही दुखला नाही आणि सातव्या दिवशी मी ग्रुपसोबत नागपूरहून रामटेकला निघालो. कामठी, कन्हान, मनसर. जाताना सगळं छान. परत येताना कन्हानचा पूल ओलांडला आणि गुडघ्याच्या वाटीच्या मागे ती ओळखीची कळ आली. तरी घरापर्यंत सायकल रेटलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली. पुढचे दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मी आता प्रत्येकाला सांगतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, सायकलवर काय वाटलं ते नका सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय झालं, ते सांगा." शरीर गरम असताना गुडघा खरं बोलत नाही. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात.

त्याआधी एक महत्त्वाचं. पडल्यावर काही तासांतच गुडघा टम्म सुजला, पाय टेकवेना, गुडघा मध्येच अडकतो किंवा चालताना दगा देतो, लाल-गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखतेय, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. अशा गुडघ्यावर कुणाकडूनही मालिश करून घेऊ नका. पुढचं सगळं लिहिलंय ते जास्त सायकलिंगमुळे हळूहळू दुखायला लागलेल्या गुडघ्यासाठी.

दुखण्याचं कारण सायकलवर तसंच सोडून देणं

आराम केला, गोळ्या घेतल्या, व्यायामही केला आणि परत त्याच सायकलवर बसलो, तर दुखणं परत येणारच. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खाली ठेवलेली सीट. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून लोक सीट खाली घेतात. सीट खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त वाकतो, वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते आणि गुडघा पुढून दुखायला लागतो. सीट फार वर असली तर पाय ताणला जातो आणि दुखणं गुडघ्याच्या मागे किंवा बाहेरच्या बाजूला येतं. म्हणजे कुठे दुखतंय यावरून पहिला अंदाज बांधता येतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर सायकल भिंतीला टेकवून बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवा. आता गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. पायात सायकल चालवतानाचेच बूट हवेत. बदल करायचा तर एका वेळी चार-पाच मिलिमीटर, आणि मग चार दिवस थांबा.

माझी सीट मुळात बरोबर होती. सर्व्हिसिंगहून सायकल आली तेव्हा ती चांगली बोटभर खाली गेलेली होती आणि मी महिनाभर तशीच चालवली. आता सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली आहे. टेपची खालची कड फ्रेमला टेकलेली दिसली की सीट जागेवर आहे. साधी टेप, पण ती आधी लावली असती तर तो सगळा उन्हाळा वाचला असता.

दुसरं कारण जड गिअर. उड्डाणपुलाच्या चढावर मोठ्या गिअरमध्ये दणादण पाय मारण्यात ताकद दिसते, पण तो सगळा भार गुडघ्यावर येतो. गिअर हलका ठेवा आणि मिनिटाला पेडलचे ८० ते ९० फेरे होऊ द्या.

पूर्ण आराम

"महिनाभर पाय हलवू नको" हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण अशा दुखण्यात तो नुकसान करतो. गुडघ्यात थोडं पाणी झालं तरी मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, त्यात आपण अंथरूण धरलं की तो झपाट्याने बारीक होतो. दोन्ही मांड्यांना एकाच उंचीवर शिंप्याची टेप लावून बघा, फरक दिसेल. दमही दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो.

सुरुवात अगदी साधी आहे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच ते दहा सेकंद दाबून ठेवा, सोडा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला हाताची बोटं ठेवली तर तिथला स्नायू कडक होताना जाणवतो. पहिल्या आठवड्यात मला तिथे काहीच जाणवायचं नाही, फक्त थरथर. आठव्या-नवव्या दिवशी बोटाखाली तो टणक गोळा लागला तेव्हा फार बरं वाटलं. मग सरळ पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं. कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले की पेडल मारताना गुडघा आत झुकतो, म्हणून हे शेवटचे दोन टाळू नका.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: चांगल्या पायाला ताकदीचा व्यायाम दिला तर दुखऱ्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते. कारण ताकद जशी स्नायूत असते, तशी मेंदूकडून त्याला मिळणाऱ्या हुकमातही असते. म्हणून चांगला पाय, पोट, पाठ, खांदे यांचा व्यायाम एक दिवसही थांबवू नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा हे सगळं पहाटेच उरका. कूलरसमोर करत असाल तर फरशी आधी पुसून घ्या. पाण्याच्या शिंतोड्यांवर दुखरा पाय सटकला तर नवीनच दुखणं मागे लागेल.

"गुडघ्याला चांगलं" म्हणून चुकीचा व्यायाम

पोहणं उत्तम, पण पाय गुडघ्यात वाकवून बाहेर फेकायची बेडूक पद्धत नको. तिने गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो. फ्रीस्टाइल करा, किंवा मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) धरून नुसत्या हातांनी पोहा. छातीभर पाण्यात चालणंही चांगलं दमवतं.

चालायला फुटाळ्याचा काठ किंवा सिव्हिल लाइन्समधले सपाट रस्ते निवडा. सेमिनरी हिल्सचा चढ सोपा वाटतो, पण उतरताना वाटीवर जास्त दाब येतो. मांडी घालून किंवा उकिडवं फार वेळ बसणं काही आठवडे टाळा. जेवायला खुर्ची घ्या, घरच्यांना कारण सांगा.

ताट कमी करणं

सायकल बंद म्हणून वजन वाढेल या भीतीने मी रात्रीचं जेवण अर्धं केलं होतं. बरं होण्याच्या काळात शरीराला उलट प्रोटीन जास्त लागतं, वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ७८ ते १०४ ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. हिशेब मांडला की वरण-भातावर भागत नाही हे लगेच कळतं. दोन वेळा डाळ, दही, उसळ, अंडी किंवा पनीर असं वाटून घ्या; कमी करायचंच असेल तर तळलेलं आणि गोड कमी करा. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

गोळी घेऊन किंवा नी कॅप घालून राइडला जाणं

दुखणं हा गुडघ्याचा निरोप आहे. गोळीने निरोप थांबतो, भार थांबत नाही. नी कॅपने आधार वाटतो, पण तिने सीटची उंचीही सुधारत नाही आणि मांडीची ताकदही वाढत नाही. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं.

परतण्याची घाई

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात आणि ग्रुपमधला एकेक जण ते मेडल दाखवतो, तेव्हा घरी बसणं जड जातं, हे मला माहीत आहे. तरीही पहिली राइड २० मिनिटांची, सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये आणि घराभोवतीच्या फेऱ्यांची ठेवा, म्हणजे दुखलं तर पाच मिनिटांत घरी. एक दिवस आड जा. ग्रुपसोबत जाऊ नका. तिथे वेग आपल्या हातात राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आधी वेळ, मग चढ, शेवटी वेग.

दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. सायकलवर तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवशीइतकंच हवं आणि सूज नको. वाढलं असेल तर मागच्या पायरीवर या, सायकल पूर्ण बंद करायची गरज नाही. मी वहीत तारीख, मिनिटं आणि सकाळच्या जिन्याचा आकडा लिहायचो. लागोपाठ तीन राइडनंतरच्या सकाळी कठड्याला हात न लावता जिना उतरता आला, तेव्हाच पुढची पाच मिनिटं वाढवली.