त्रिकोण पडला, ताई!

बालवाडीत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून आकारांचा तक्ता आणला. लाल वर्तुळ, निळा चौरस, पिवळा त्रिकोण, हिरवा आयत. मी पट्टी ठेवायची, मुलांनी ओरडायचं. पंधरा दिवसांत सगळ्यांचं पाठ झालं आणि मी स्वतःवरच खूश! मग एकदा फळ्यावर घाईघाईत त्रिकोण काढला तो टोक खाली करून. पुढच्या रांगेतली चार वर्षांची मुलगी कळवळून म्हणाली, "त्रिकोण पडला, ताई!" लांबुडका, बारीक त्रिकोण काढला तर तो "भाला" निघाला. निळ्या कागदाचा त्रिकोण दाखवला तर दोघं-तिघं "चौरस" म्हणाली, कारण निळा असतो तो चौरस. पोरांना आकार आलेच नव्हते, तक्ता आला होता.

नव्याने या कामात येणाऱ्या ताया मला विचारतात, आकार शिकवायला काय काय विकत घेऊ? मी म्हणते, आधी तो तक्ता भिंतीवरून काढा. त्यात चुकीचं काही नसतं. पण त्रिकोण म्हटलं की एकच नमुना, तळावर बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. मूल त्यावरूनच नियम बांधतं. त्याचा नियम असा असतो की त्रिकोण म्हणजे डोंगरासारखं दिसतं ते. तुम्हाला हवा असलेला नियम असा की तीन सरळ बाजू आणि तिन्ही टोकं जुळलेली. हे अंतर तोंडी व्याख्येने भरत नाही. तऱ्हेतऱ्हेचे त्रिकोण हातात द्यावे लागतात: बुटके, उंच, तिरके, उलटे. सगळे एकाच रंगाचे कापा, म्हणजे रंगाची मदत मिळणार नाही. आणि त्यांच्यात चार-पाच फसवे मिसळा: एक बाजू वाकडी असलेला, एक कोपरा उघडा राहिलेला, टोक गोलसर झालेलं. मग "हा का नाही?" एवढंच विचारून गप्प बसा. नव्या ताईला हे गप्प बसणं सगळ्यात जड जातं. उत्तर ओठावर आलेलं असतं ना!

उलट्या त्रिकोणासाठी मला वारली चित्रांचा फार उपयोग झाला. वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा उलटा, खालचा सुलटा. मोठ्या कागदावर नाचणारी माणसं काढून लावली आणि एकाच्या अंगात किती त्रिकोण ते मोजायला सांगितलं. दोन, असं आपणहून म्हणाली. त्यानंतर त्रिकोण पडल्याची तक्रार आली नाही.

आता जरा शब्दांविषयी. मराठीत या बाबतीत आपली सोय आहे, पण आपणच ती घालवतो. त्रिकोण म्हणजे तीन कोन, चौकोन म्हणजे चार कोन, शब्दातच मोजणी आहे. कोपऱ्यांवर बोट ठेवत मोजलं की नाव आपोआप सापडतं. चौरसही चौकोन, आयतही चौकोन, पतंगही चौकोन आणि शंकरपाळीसुद्धा. आठवीत चौकोनाचे प्रकार येतात तेव्हा गोंधळणाऱ्या मुलांना बहुधा बालवाडीत "हा चौरस आहे, चौकोन नाही" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मी आधी फक्त चौकोन शिकवते. चौरस आणि आयत हे त्या घरातले दोन भाऊ म्हणून मागाहून येतात. "गोल" या शब्दाने मात्र पंचाईत होते. चेंडू गोल, ताट गोल, बांगडीही गोल. मूल चुकत नाही, भाषाच तसं म्हणते. तिथे शब्दावर अडून बसू नका, फळी तिरकी लावा. चेंडू कसाही ठेवला तरी गडगडतो, खडूची खोकी घसरते, आणि पावडरचा डबा आडवा ठेवला तर गडगडतो, उभा केला तर खोकीसारखा घसरतो. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली जर्मनीत बालोद्यान सुरू केलं. त्यांच्या साहित्यात लाकडी गोल, ठोकळा आणि दोघांचे गुण असलेलं हे नळकांडं एकत्र होतं. आमच्याकडे ते काम पावडरच्या डब्याने केलं.

पण हे सगळं दुसऱ्या सत्रातलं. जूनमध्ये आकार नकोतच. आधी जागा: आत-बाहेर, वर-खाली, पुढे-मागे, जवळ-लांब, मधे. पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या चित्रांतून एक मजेशीर गोष्ट दाखवली आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकोन आणि वर्तुळ बघून काढायला सांगा, दोन्ही वेळा वाकडातिकडा गोळा येतो. पण गोळ्याच्या आत ठिपका, बाहेर ठिपका, बरोबर रेघेवर ठिपका, हे तेच मूल अचूक दाखवतं. बंद आणि उघडं, आत आणि बाहेर हे त्याला कोपऱ्यांच्या आधी कळतं. आपल्याकडे तळ्यात-मळ्यात खेळणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक असावं! जमिनीवर चुन्याने मोठी बंद आकृती काढा, आज गोल, उद्या त्रिकोण, परवा नुसतीच वेडीवाकडी. "तळ्यात!" म्हटलं की आत उडी. दोन आठवड्यांनी रेघेवरून पाऊल जोडत चालायला लावा. त्रिकोणाच्या कोपऱ्यावर अंग वळवावं लागतं आणि गोलावर थांबून वळावंच लागत नाही, हे पायांना कळतं. नाव नंतर.

पुढे-मागे शिकवताना मी वर्षभर गोंधळ घातला. "झाडाच्या पुढे उभा राहा" म्हटलं की निम्मी मुलं एकीकडे, निम्मी दुसरीकडे. झाडाला तोंड कुठे असतं? म्हणून सुरुवात खुर्ची, बाहुली, मित्र यांच्यापासून करावी, ज्यांना स्वतःचं पुढचं-मागचं असतं. डाव्या-उजव्याची तर घाईच नको. मूल स्वतःचा उजवा हात खात्रीने ओळखतं ते साधारण सहा-सातच्या सुमारास, समोरच्याचा त्याहून उशिरा. तुम्ही समोर उभ्या राहून उजवा हात वर केला की मुलं आरशासारखा डावा वर करतात, आणि वर रागावलेल्या ताया मी पाहिल्या आहेत. मुलांकडे पाठ करा आणि मग हात वर करा. "जेवायचा हात" ही जुनी युक्ती चालते, पण वर्गात एखादं डावखुरं मूल असतंच. त्याच्या उजव्या हातात दोरा बांधा.

एक गोष्ट प्रशिक्षणात सहसा कुणी सांगत नाही. आकारांमध्ये आपण शिकवतो की कसाही फिरवला तरी त्रिकोण त्रिकोणच. आणि दोन महिन्यांनी अंक आले की बरोबर उलटं सांगतो: ३ पलटला की तो ३ राहत नाही, ६ होतो. छत्तीसचा आकडा म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेली तीच आकृती. मुलाने ६ च्या जागी ३ काढला तर ते मंद नाही, तुम्हीच आकारांत शिकवलेलं ते निष्ठेने वापरतंय. मी आता अंक शिकवताना स्पष्ट म्हणते, "आकार कसेही लोळतात. अंकांना मात्र तोंड असतं."

पालकांची बाजूही सांभाळावी लागते. "शेजारच्याचा त्रिकोण काढतो, आमचा का नाही?" मी अंदाज सांगते: बघून वर्तुळ तिसऱ्या वर्षी, चौरस चार-साडेचारला, त्रिकोण पाचच्या आसपास. शंकरपाळीसारखा तिरपा चौकोन थेट सातच्या सुमारास. ओळखणं आधी, काढणं खूप नंतर. मी पूर्वी जिथे काम करत होते त्या शाळेत तीन वर्षांच्या मुलांना ठिपके जोडून आकार गिरवायची पानं रोज मिळायची, पालकांना फाइल दाखवायची म्हणून. मुलांची बोटं दुखायची. फाइल जाड व्हायची.

साहित्यावर खर्च करू नका. ताराबाई मोडक यांनी 1945 पासून अनुताई वाघ यांच्यासोबत बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं जे काम उभं केलं, त्यात महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया होत्या. मोठ्या गटासाठी माझं आवडतं साहित्य म्हणजे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्या, जे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी गावोगाव पोचवलं. आगपेटीच्या काड्यांची गुलं आधी तुम्हीच खरवडून काढा, ट्यूबचे बारीक तुकडेही तुम्हीच कापा, आणि ते नाका-तोंडात जाणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण, दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो, चौरसाची शंकरपाळी होते. मुलं तासभर तेच करत बसतात. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी काडी घातली की तो का थांबतो, हे सांगू नका. एखादं मूल शोधतंच.

नाव शिकवायची वेळ येईल तेव्हा माँटेसरी पद्धतीतल्या तीन पायऱ्या पुरतात. "हा त्रिकोण." मग "त्रिकोण दे." आणि मगच "हे काय?" दुसरी पायरी दिवसचे दिवस चालू द्या. बहुतेक ताया पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतात, मीही मारायचे.

गेल्या वर्षी एका मुलाची आई तक्रार घेऊन आली. ती घडीची पोळी करत होती. लाटी लाटली, तेल लावलं, दुमडली, पुन्हा दुमडली आणि कौतुकाने मुलाला म्हणाली, "बघ, त्रिकोण!" तो म्हणाला, "नाही. एक बाजू वाकडी आहे." मग काय आहे म्हणून तिने विचारलं, तर म्हणे ताईला विचार. मी तरी काय सांगणार? म्हटलं, "घडी."