नवी मातीची चूल पहिल्यांदा पेटवताना

पावसाळा सरल्यावर कोकणात मागीलदारी नवी चूल घातली की पेटवायची घाई होतेच. पण ओल्या चुलीला एकदम मोठा जाळ दाखवू नका. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि चूल तडकते. वाळवायचीही सावलीतच, कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो नि भेगा पडतात. आपल्या दमट हवेत वरून कोरडी दिसणारी चूल आतून ओली असू शकते. वैलाजवळ, म्हणजे चुलीच्या बाजूच्या दुसऱ्या तोंडाजवळ, जिथे माती जाड असते, तिथे तळहात टेकून बघा. गार लागली तर अजून थांबा.

पहिल्या दिवशी भांडं ठेवायचं नाही. चुडताची, म्हणजे माडाच्या झावळीची, चार सुकी पानं आणि नारळाच्या सोडणाचा (वरच्या काथ्याच्या सालीचा) एखादा तुकडा, एवढंच. सोडण धुमसत राहतं, त्यामुळे ऊब हळूहळू आत जाते. विझलं की चूल पूर्ण निवू द्या, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा जाळ. करवंट्या इतक्यात नकोत, त्यांची आच फार. आणि काजूची टरफलं तर घरच्या चुलीत कधीच घालू नका. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना, घशाला असा झोंबतो की स्वयंपाक राहतो बाजूला.

बारीक भेगा पडल्याच तर चूल गार असताना भेग आधी पाण्याने ओली करा, मग शेण-मातीचा काला बोटाने दाबून भरा. कोरड्या भेगेत भरलेला काला सुकला की सुटून येतो.