टाइल्सच्या खोलीत गाणं ऐकताय? आधी गालिचा टाका
आपल्या फोंड्याकडच्या घरांत खाली टाइल्स नाहीतर लाल कोबा, त्यामुळे अभिषेकीबुवांची रेकॉर्ड लावली की तान जमिनीवर आपटून परत येते आणि सगळं कर्कश वाटतं. गालिचा स्पीकर आणि खुर्चीच्या मधे टाका, नेमकी जागा हवी तर कुणाला तरी जमिनीवर आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून त्यात ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा) दिसला की तीच जागा. लोकरीचा जाड घ्या, खाली फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड), पातळ सतरंजीने फारसं काही होत नाही (दिसते मात्र झकास!). बेस घुमत असेल तर गालिचा काही करणार नाही, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून बघा. आणि हो, पावसाळ्यात गुंडाळून माळ्यावर टाकू नका, बुरशी धरते, अधनंमधनं पंख्याखाली उलटा करून वाळवा.