नागपुरात संध्याकाळच्या वर्गातून डेंटल असिस्टंट व्हायचंय? आधी एवढं करून ठेवा

वर्गाची फी भरायच्या आधी हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस घेऊन टाका. बाकीची तयारी पंधरा दिवसांत रेटता येते, ही येत नाही. पहिल्या डोसनंतर एका महिन्यानं दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, असा तिचा क्रम आहे. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी पुरेशा तयार झाल्या का ते बघायचं असतं. रिपोर्टमध्ये अँटीबॉडीचा आकडा 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा. म्हणजे दिवाळीनंतर वर्ग सुरू करून उन्हाळ्यात खुर्चीशेजारी उभं राहायचं असेल, तर सुई दिवाळीतच टोचून घ्यावी लागते. लहानपणी लस घेतल्याचा कागद घरात असेल तर तो शोधा आणि डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणीचं विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्याच वेळी विचारून घ्या. हे सगळे कागद एका फाइलमध्ये लावा, पुढे नोकरीच्या वेळी ती फाइल मार्कशीटपेक्षा जास्त कामाला येते.

मग वर्ग निवडणं. जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी' दिसली की तिथून पुढचं सावधपणे वाचायचं. प्रत्यक्ष जाऊन बघा: चालू अवस्थेतली डेंटल चेअर आहे का, तिला पाणी आणि सक्शन (तोंडातली लाळ-पाणी ओढणारी नळी) जोडलेलं आहे का, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) आहे का, की कोपऱ्यात नुसता प्लास्टिकच्या दातांचा जबडा ठेवलाय? प्रमाणपत्र नक्की कोणाचं मिळणार आणि परीक्षा कोण घेणार, हे लेखी मागा. 'रजिस्ट्रेशन करून देऊ' असं कोणी म्हटलं तर कशाचं रजिस्ट्रेशन, असा उलटा प्रश्न करा. 1948च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये नोंदणीची तरतूद होती ती दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या-कॅप बनवणारे) या तिघांची. असिस्टंटसाठी वेगळी नोंदवही त्यात नव्हती. याचा अर्थ कामाला किंमत नाही असा मुळीच नव्हे. फक्त त्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नका. फी हप्त्यानं भरा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या.

संध्याकाळच्या वर्गाची खरी अडचण फीची नसून वेळेची आहे, आणि ती प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. आपल्याकडचे दातांचे दवाखाने दोन वेळा चालतात. सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी दोनपर्यंत, मग शटर खाली, आणि पुन्हा संध्याकाळी. खरी गर्दी संध्याकाळचीच, कारण लोक ऑफिस-दुकान आटोपून येतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही वर्गात फळ्यावरचं उतरवत बसलेले असता. त्यामुळे प्रात्यक्षिक कधी आणि कुठे, हे आधीच पक्कं करा. दिवसाची नोकरी असेल तर रविवार सकाळ उरते. बरेच दवाखाने तेवढा वेळ उघडे असतात. आपल्या वस्तीतल्या डॉक्टरांना, मग ते मानेवाड्यात असोत की सदरमध्ये, सरळ जाऊन विचारा, 'सर, रविवारी येऊन नुसतं बघू का?' बहुतेक जण हो म्हणतात, कारण चांगला असिस्टंट मिळत नाही ही त्यांची नेहमीची रड असते. नोकरी सोडणं परवडत असेल तर सकाळच्या पाळीला दवाखान्यात मदतनीस म्हणून लागणं आणि संध्याकाळी वर्ग, ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते.

कागदपत्रं नेहमीचीच: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. झेरॉक्सचे दोन-तीन संच काढून ठेवा.

येण्याजाण्याचा हिशोब मात्र घरच्यांसमोर बसून करा. वर्ग सुटायला रात्र होते. सीताबर्डीवर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, म्हणून बर्डीच्या आसपासचा वर्ग बाकी कुठल्याही वर्गापेक्षा सोयीचा. डिगडोह आणि वानाडोंगरीची दंत महाविद्यालयं हिंगणा रोडला आहेत. तिकडे प्रात्यक्षिक असेल तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो. शेवटची गाडी किती वाजता ते स्टेशनवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जेवण वर्गानंतर असलं तरी वर्गाआधी पोटात काहीतरी हवंच. उपाशीपोटी पहिल्यांदा दाढ काढताना बघितली की भलेभले गार पडतात. चक्कर येतेय असं वाटलं तर तसं सांगून मागे सरका आणि खाली बसा. ट्रेवर कोसळण्यापेक्षा ते केव्हाही बरं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यानंतरची तयारी थोडी विचित्र वाटेल: स्वतः पेशंट होऊन या. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासूनचं आहे. सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढा, दात तपासून घ्या, गरज असेल तर साफ करून घ्या. खुर्चीत आडवं पडल्यावर दिवा डोळ्यांवर कसा येतो, सक्शनची नळी जिभेच्या मुळाला टेकली की उमासा कसा येतो, घशाशी पाणी साचलं की जीव कसा घाबरतो, हे तिथे कळतं. पुढे नळी तुमच्या हातात आली की ती कुठे टेकवायची नाही हे कोणाला शिकवावं लागत नाही. तिथल्या मदतनिसाचे हात बघा. डॉक्टरांनी मागायच्या आत पुढचं हत्यार हातात तयार असतं, आणि ते पेशंटच्या डोळ्यांवरून न जाता छातीच्या वरून, हनुवटीखालून पुढे येतं.

कपड्यांचं थोडक्यात. पायात पुढून बंद चप्पल-बूट, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी, मंगळसूत्र आत, केस बांधून टोपीखाली. स्वतःचा संरक्षक चष्मा घ्या. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) फिरायला लागला की दातात भरलेल्या जुन्या चांदीचे तुकडे कुठे उडतील याचा नेम नसतो. लॅटेक्सच्या ग्लोव्हजनं हात खाजत असतील तर नायट्रिलचे मागा. दवाखान्यातला स्क्रब (कामाचा गणवेश) तिथेच बदला आणि घरी वेगळा धुवा. मे महिन्यात मास्क, टोपी आणि चष्मा घालून उभं राहणं ही वेगळीच परीक्षा असते; पाण्याची बाटली जवळ हवी, पण ती खुर्चीच्या खोलीबाहेर ठेवायची.

आता अभ्यास. वर्ग सुरू व्हायच्या आधी दातांचे नंबर पाठ झालेले असले तर अर्धी भीती जाते. तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटचा वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे अक्कलदाढेपर्यंत 1 ते 8. डॉक्टर 'थ्री सिक्स' म्हणाले की खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांचे भाग 5 ते 8 आणि दात 1 ते 5. ते एकूण वीसच. उजवं-डावं नेहमी पेशंटचं धरायचं, आणि तो आपल्यासमोर असल्यामुळे सुरुवातीला सगळं उलटं होतं. घरातल्या कोणाला तरी समोर बसवून रोज दोन मिनिटं नंबर म्हणा. घरचे कंटाळले की समजायचं जमलं.

हत्यारं सुटी पाठ करू नका, कामाप्रमाणे ट्रे लावून पाठ करा. तपासणीला माउथ मिरर, प्रोब, ट्वीझर. दाढ काढायला सुन्न करण्याचं इंजेक्शन, दाढ सैल करायचं एलिव्हेटर, उपटायचा चिमटा म्हणजे फोरसेप, गॉझ. रूट कॅनलला दाताची नळी घासायची फाइल, ती कोरडी करायचा पेपर पॉइंट, ती भरायचा गटापर्चा. फाइलचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत: 15 पांढरी, 20 पिवळी, 25 लाल, 30 निळी, 35 हिरवी, 40 काळी. बसायची जागाही ठरलेली असते. पेशंटच्या डोक्याकडे बारा वाजलेत असं धरलं तर उजव्या हाताच्या डॉक्टरांसोबत तुमची जागा दोन ते चारच्या दरम्यान, आणि स्टूल त्यांच्यापेक्षा चार-सहा इंच उंच. उजव्या हातात सक्शन, डाव्या हातानं देणं-घेणं.

हाताचं काम पुस्तकातून येत नाही, तरी एक गोष्ट नागपूरकरांना आधी माहीत असलेली बरी. कवळीचं किंवा कॅपचं माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट पाणी जितकं गरम तितकं लवकर आवळतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते घातलं तर मापाचा ट्रे तोंडात जाण्याआधीच वाटीतला गोळा घट्ट. म्हणून एप्रिल उजाडला की एक बाटली फ्रिजमध्ये, आणि पाणी बेतानं गार करून घ्यायचं. डिसेंबरच्या थंडीत उलटं होतं, पेशंट माप तोंडात धरून वाट बघत बसतो. कालवताना पातं वाटीच्या कडेला दाबून फिरवायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. माप निघालं की धुवा, निर्जंतुक करा आणि लगेच प्लास्टर ओता. ते उघड्यावर राहिलं तर आक्रसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. दात भरायच्या जीआयसी (ग्लास आयनोमर) सिमेंटचा नियम वेगळा: कागदी पॅडवर प्लास्टिकच्या पात्यानं झटपट कालवायचं आणि चकाकी आहे तोवरच डॉक्टरांच्या हातात द्यायचं. चकाकी गेली की ते फेकून नवं करा, पुन्हा थेंब टाकून पातळ करू नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र जाणार आहे मागच्या खोलीत, हत्यारं धुण्यात. हे आधीच मनाला सांगून ठेवा, म्हणजे 'आम्हाला धुवायलाच लावतात' असं वाटणार नाही. माझ्या मते असिस्टंटची खरी पारख तिथेच होते. क्रम ठरलेला आहे: जाड ग्लोव्हज घालून घासणं, कोरडं करणं, पाऊचमध्ये भरणं, मग ऑटोक्लेव्ह. 121 अंशांवर निदान 15 मिनिटं, किंवा 134 अंशांवर 3-4 मिनिटं; घड्याळ तापमान गाठल्यावर सुरू करायचं, बटण दाबल्यावर नाही. पाऊच ओलं निघालं तर ते निर्जंतुक धरायचं नाही. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ उष्णता तिथवर पोचली एवढाच. जंतू मेले का हे कळायला ठरावीक काळानं स्पोअर टेस्ट (मुद्दाम ठेवलेले चिवट जंतू मेले का याची तपासणी) करतात. एअरोटरलाही तेल घालून ऑटोक्लेव्हच हवा, स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. दोन पेशंटच्या मध्ये त्याची पाण्याची नळी वीस-तीस सेकंद वाहती ठेवायची.

कचऱ्याचे रंग 2016च्या नियमांनुसार: रक्ताळलेला कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सक्शनच्या नळ्या आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र वेगळा ठेवा. त्यात पारा असतो, तो जाळायला जाता कामा नये. आणि सुई टोचलीच, तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि कुठल्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत. रागावतील म्हणून गप्प बसणं हा इथला सगळ्यात मोठा धोका आहे.

राहता राहिले पेशंट. आपल्या भागात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे रोज येणार. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर तोंड कमी उघडतंय असं समजायचं आणि मापाचा लहान ट्रे काढून ठेवायचा. 'भाऊ, खर्रा सोडा' हे डॉक्टर सांगतील. आपण उपदेश सुरू केला की माणूस पुढच्या वेळी येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही पेशंटच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात ते पाण्यातल्या फ्लोराइडचे असू शकतात, म्हणून 'नीट घासत नाही का?' असं विचारू नका. विचारायचं ते वेगळंच: बीपी-शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, जेवून आलात का, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का. पेशंट 'दाढ लई ठणकून राहिली' एवढंच सांगतो, बाकीचं काढून घ्यावं लागतं.

काय करायचं नाही हेही आधी ठरवून ठेवा. दात साफ करणं, इंजेक्शन देणं, दाढ हलवून बघणं ही आपली कामं नाहीत, गर्दीच्या वेळी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. एक्स-रे काढताना फिल्म आपल्या बोटानं पेशंटच्या तोंडात धरायची नाही. ती पेशंटनं किंवा होल्डरनं धरायची, आणि आपण लेड एप्रन घालून निदान सहा फूट दूर राहायचं.

पहिल्या नोकरीच्या बोलणीत पगार आणि आठवड्याची सुटी विचाराल, ते सगळेच विचारतात. त्यासोबत ग्लोव्हज कोण देणार, लस राहिली असेल तर तिचा खर्च कोण करणार, आणि हत्यारं कशात निर्जंतुक करता, हेही विचारा. 'उकळून घेतो ना आपण' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. नागपुरात दातांचे दवाखाने भरपूर आहेत.